कुमुदताईंच्या टेबलावरचे अडतीस दिवस

कुमुदताई तुंगाऱ्यांना कुणी "ऑफिसात तुम्ही काय करता?" असं विचारलं की त्या "टायपिंग" म्हणून मोकळ्या व्हायच्या. लग्नघरातल्या आचाऱ्यानं "मी चूल पेटवतो" म्हणावं, त्यातलाच हा प्रकार. अठ्ठावीस वर्षं त्या दिल्लीत, करोल बागेत सबरवालसाहेबांच्या कंपनीत होत्या आणि त्या कंपनीतून संशोधनाची जी नियतकालिकं निघत, त्यांतला एकही कागद त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नव्हता.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, आणि खाली मोटारींच्या हॉर्नचं दुकान. गिऱ्हाईक दिवसभर हॉर्न वाजवून बघणार आणि वर देशभरातल्या प्राध्यापकांचं ज्ञान छपाईला तयार होणार, असा तो मामला. अठ्ठ्याहत्तर साली कुमुदताई लागल्या तेव्हा मातीवरचं एकच त्रैमासिक होतं. २००६ साल येईपर्यंत माती, पाणी, खतं, बियाणं, संख्याशास्त्र असं करत करत त्यांची संख्या बावीस झाली. चार माणसांची एकतीस झाली. कागदाची वाट मात्र होती तीच राहिली.

ही वाट समजायला फारसं शिक्षण लागत नाही. कुणीतरी संशोधक निबंध लिहून पाठवतो. ऑफिस तो त्या विषयातल्या एखाद्या जाणकाराकडे, म्हणजे परीक्षकाकडे, पाठवतं. परीक्षक वाचून रिपोर्ट लिहितो: काय बरं आहे, काय चुकलं आहे, छापावं की नाही. परीक्षकाचं नाव लेखकाला कळू द्यायचं नाही, रिपोर्ट तेवढा पाठवायचा. लेखक दुरुस्त्या करतो, निबंध पुन्हा परीक्षकाकडे जातो, आणि असं करत एक दिवस तो छापून येतो. रिपोर्ट आल्यापासून तो लेखकाला जाईपर्यंतच्या वाटेवर कुमुदताईंचं टेबल होतं.

आता विद्वान माणूस दुसऱ्याच्या चुका काढताना जसा खुलतो तसा स्वतःच्या लग्नातही खुलत नाही. त्यात आपलं नाव कळणार नाही याची खात्री असली की मग विचारायलाच नको. एकोणऐंशी साली असाच एक रिपोर्ट आला होता. निबंध भोपाळकडच्या एका मुलीचा. परीक्षकांनी लिहिलं होतं, "लेखिकेने शेतीवर लिहिण्यापेक्षा शेतात जाऊन खुरपणी करावी." कुमुदताईंनी तो जसाच्या तसा टाइप करून पाठवला. महिन्याभरानं मुलीच्या वडलांचं पोस्टकार्ड आलं: मुलीने संशोधन सोडले आहे, तरी कृपया तिच्या नावे पत्रे पाठवू नयेत. कुमुदताई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तेव्हापासून त्या रिपोर्ट टाइप करताना बदलू लागल्या. आधी एखादा शब्द, मग वाक्य, मग सगळाच कागद. "हा निबंध म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय आहे" याचं "लेखकाने विषयास आणखी थोडा वेळ दिल्यास बरे होईल" असं व्हायचं. "लेखकाला संख्याशास्त्राचा गंधही नाही" याचं "संख्याशास्त्रीय भाग थोडा उलगडून सांगावा." हे सगळं अर्थातच इंग्रजीत, आणि कुमुदताईंचं इंग्रजी साजूक तुपातलं. मातीच्या त्रैमासिकाचे पहिले संपादक अण्णासाहेब सही करताना कागदाच्या फक्त तळाकडे बघत. पुढचे संपादक परगावी राहू लागले आणि त्यांच्या सहीचे शिक्के कुमुदताईंच्याच ड्रॉवरमध्ये आले. मग काय, मोकळं रान! अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मूळ रिपोर्ट स्टीलच्या कपाटात, किल्ली पर्समध्ये.

लेखकांमध्ये मात्र या कंपनीचं नाव झालं. दिल्लीचे परीक्षक फार सभ्य, असं लोक म्हणत. दिवाळीला आभाराची कार्डं येत आणि कुमुदताई ती टेबलाच्या काचेखाली सरकवत. त्यात वाईट काही आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. उलट, सबंध ऑफिसात खरं काम आपण एकट्याच करतो असं त्यांना प्रामाणिकपणे वाटे, आणि हे वाटणं माणसाला फार सुखाचं असतं.

२००६च्या दिवाळीनंतर तक्रारी वाढल्या. निबंध पाठवला की सहा-सहा, आठ-आठ महिने निर्णय नाही. चांगले लेखक दुसरीकडे जाऊ लागले. सबरवालसाहेबांनी कामाची घडी बसवायला म्हणून मीनाक्षी साबळेला आणलं. वय एकोणतीस, मॅनेजमेंट शिकलेली. तिचे वडील केंद्राच्या एका मंत्रालयात होते आणि ही दिल्लीतच वाढलेली. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत फ्रॉक घालून श्लोक म्हणताना कुमुदताईंनी तिला पाहिलं होतं, त्यामुळे ती आल्याबरोबर त्यांना "काकू" म्हणू लागली आणि कुमुदताईंनीही तिला डब्यातली भाजी देऊन टाकली.

मीनाक्षीनं पहिल्याच आठवड्यात मोठ्या खोलीच्या भिंतीवर खाकी कागद चिकटवला. मागच्या वर्षीचे साठ निबंध निवडले आणि प्रत्येक निबंध कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर आला आणि कधी उठला, याच्या चिठ्ठ्या लावल्या. घोडं नेमकं कुठे पेंड खातं ते शोधायचं होतं. दहा दिवसांनी तिनं सगळ्यांना बोलावलं. टपाल आणि नोंद मिळून सात दिवस. परीक्षक, एकसष्ट दिवस. मग एका चौकटीत लाल पेननं लिहिलं होतं: कुमुदजी, अडतीस दिवस. आणि एकेक निबंध तीन-तीनदा फिरतो म्हणजे हे अडतीस दिवसही तीनदा.

खालच्या दुकानात कुणीतरी ट्रकचा हॉर्न वाजवून बघत होतं.

"कुमुदजी के यहाँ?" सबरवालसाहेब म्हणाले. "नहीं, नहीं. गिनती में गड़बड़ है. दोबारा गिनो."

त्यांनी असं म्हणायला नको होतं असं कुमुदताईंना वाटलं. गिनती बरोबर आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

दुपारी मीनाक्षी चहा घेऊन त्यांच्या टेबलाशी आली. "काकू, तुम्ही प्लीज वाईट वाटून घेऊ नका. तुमची गलती नाहीये. एकटीवर बावीस जर्नल्स, ये तो होना ही था. मी काय करतेय, एप्रिलपासून सगळं कॉम्प्युटरवर. रिव्ह्यूअरनं रिपोर्ट टाकला की त्याच दिवशी ऑथरला जाणार. डायरेक्ट."

"डायरेक्ट म्हणजे? जसाच्या तसा?"

"हो, मग! त्यात आपण काय चेंज करणार?"

कुमुदताईंनी टेबलाच्या काचेवरची न दिसणारी धूळ पदरानं पुसली. मीनाक्षीनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, पण मोठ्या माणसाला खोदून विचारायचं नाही एवढं वळण तिला घरातून होतं, त्यामुळे ती उठून गेली.

त्या रात्री कुमुदताईंना झोप लागली नाही. डोळ्यांपुढे ते पोस्टकार्ड. शेकडो लेखकांच्या घरी आता असे रिपोर्ट पडणार, आणि मधे कुणी नाही. सकाळी त्या उठल्या त्या निश्चय करूनच. सबरवालसाहेबांकडे जाऊन म्हणाल्या, "सोलह जनवरी तक रुकिए. मैं आपको बताऊँगी कि यह क्यों नहीं होना चाहिए." साहेबांनी मान हलवली. कुमुदताईंनी ठरवलं, आता सगळं सांगून टाकायचं, आणि तेही मान खाली घालून नाही. मूळ रिपोर्ट आणि आपला रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवायचे. आपल्या चांगुलपणानं कुणाचं भलं झालं ते दाखवायचं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

उदाहरण निवडायला त्यांना वेळ लागला नाही. पानिपतच्या कॉलेजातले डॉ. सतबीर कादियान. इतकी गोड पत्रं दुसऱ्या कुणाची नव्हती. विषय, पानिपतच्या रंगारी कारखान्यांचं पाणी आजूबाजूच्या विहिरींत किती उतरतं, हा. निबंध पहिल्यांदा आला त्याला सव्वीस महिने झाले होते. बारा जानेवारीला, शुक्रवारी, डबा खाऊन झाल्यावर कुमुदताईंनी कपाट उघडलं आणि कादियानांची फाइल काढून एकेक कागद जोडीनं मांडला.

पहिला मूळ रिपोर्ट तीन पानी होता, हातानं लिहिलेला, बारीक अक्षरात. परीक्षक म्हणत होते, नमुने नीट घेतले आहेत, प्रयोगशाळेतलं काम स्वच्छ आहे. पण पावसाळ्यात, विहिरी भरलेल्या असताना पाणी तपासायचं आणि रंग कमी आहे म्हणायचं, हा शुद्ध मूर्खपणा आहे. याच बारा विहिरींचं पाणी मे महिन्यात पुन्हा तपासा. कालव्यालगतच्या तीन विहिरी वगळा, त्यांच्यात कालव्याचं पाणी झिरपतं. एवढी एक उन्हाळी फेरी केलीत तर हा निबंध कुठेही छापून येईल.

शेजारी कुमुदताईंचा कागद. आठ ओळी. प्रयोगशाळेतलं काम अत्यंत स्वच्छ आहे. विषय महत्त्वाचा आहे. नमुन्यांविषयी आणि पार्श्वभूमीविषयी अधिक माहिती दिल्यास निबंधाचे मूल्य वाढेल.

"मूर्खपणा" हा शब्द त्यांना खुपला होता. आणि भातातला खडा काढताना त्यांनी मूठभर भातच फेकून दिला होता. मे महिना गेला, बारा विहिरी गेल्या, कालवा गेला.

कादियानांनी पार्श्वभूमी वाढवली. पानिपतच्या विणकरांच्या इतिहासावर नऊ पानं जोडली आणि निबंध परत पाठवला. दुसऱ्या रिपोर्टात परीक्षक पेटले होते: "लेखकाने माझं एक अक्षरही वाचलेलं नाही." कुमुदताईंनी लिहिलं होतं: "अद्याप सुधारणेस वाव आहे." मग कादियानांनी आलेख रंगीत केले. तिसरा रिपोर्ट एका ओळीचा: "नाकारावा. हा माणूस ऐकत नाही." कुमुदताईंनी त्यावर काय लिहावं ते सुचेना म्हणून महिनाभर तो दाबून ठेवला होता.

फाइलच्या शेवटी कादियानांचं ऑक्टोबरातलं पत्र होतं. आपले परीक्षक फार दयाळू आहेत, मॅडम. मी आणखी नेमकं काय करावं तेवढं सांगा. नोव्हेंबरात माझ्या बढतीची मुलाखत आहे, त्याआधी हा निबंध स्वीकारला गेला तर फार उपकार होतील. कुमुदताईंनी त्याला उत्तर पाठवलं होतं. मुलाखतीसाठी हार्दिक शुभेच्छा!

कुमुदताईंनी बोटांवर मोजलं. दोन मे महिने होते मधे. दोन उन्हाळे तो माणूस त्या विहिरींच्या काठानं कॉलेजात गेला असेल, आणि कुणी त्याला सांगितलं नाही की बाबा, आज पाणी काढ. ऐकत नाही कसला? ऐकायला काही पोचलंच नव्हतं.

घरी, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये, त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. शांतारामपंत कृषी भवनात सेक्शन ऑफिसर. त्यांनी चष्मा काढून पुसला. "अठ्ठावीस वर्षं कागद दाबलेस आणि कुणाला पत्ता नाही? अगं, सरकारात असतीस तर कधीच डेप्युटी सेक्रेटरी झाली असतीस."

"चेष्टा नको हो. मी काय करू?"

शांतारामपंतांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "परवा संक्रांत. मंडळाची बस पानिपतला जातेच आहे. फोन कर कादियानांना आणि तो कागद नेऊन दे. मीही येतो."

"आणि ते कुणाला बोलले तर? माझी नोकरी जाईल. कंपनीचं नाव जाईल."

"जाईल," शांतारामपंत म्हणाले. "पण त्या माणसाचं आधीच गेलं आहे ना?"

दरवर्षीप्रमाणे मंडळाची बस सकाळी सहाला निघाली. पानिपतच्या लढाईचं स्मारक आहे त्या काला अंबला धुकं होतं. स्मारकाच्या कठड्याशी फुलं वाहून झाली, कुणीतरी पोवाडा म्हटला, तिळगुळाचे डबे उघडले. कुमुदताईंचं लक्ष नव्हतं. पर्समध्ये तीन रिपोर्टांच्या फोटोकॉप्या होत्या. परीक्षकांच्या नावावर कागदाची पट्टी ठेवून त्या काढलेल्या होत्या. तेवढा नियम त्यांनी आजही मोडला नव्हता.

तिथून ती दोघं रिक्षानं कादियानांच्या घरी गेली, तेव्हा कादियान दारातच उभे होते. चाळिशीतला उंच माणूस, इस्त्रीचा शर्ट, दाढी ताजी. खिडकीच्या फळीवर विहिरींच्या पाण्याच्या बाटल्या ओळीनं, प्रत्येकीवर चिठ्ठी. टेबलावर गाजरहलवा. मॅडम स्वतः येताहेत म्हणजे निबंध मंजूर झाला, अशी सगळ्या घराची समजूत झाली होती. फोनवर आपण कारण सांगितलं नाही हे कुमुदताईंच्या आत्ता लक्षात आलं, आणि त्यांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"बैठिए मैडम, पहले मुँह मीठा कीजिए," कादियानांची बायको म्हणाली.

"नहीं बेटी," कुमुदताई म्हणाल्या. "पहले यह पढ़ लीजिए. ये आपके असली रिपोर्ट हैं. जो आपको मिले, वे मैंने लिखे थे."

कादियानांना आधी कळेचना. मग त्यांनी कागद घेतले आणि उभ्यानंच वाचायला लागले. पहिलं पान, दुसरं पान. मान वर केली तेव्हा चेहरा लाल झाला होता.

"यह कब आया था?"

"जनवरी, दो हज़ार पाँच."

"दो साल!" ते ओरडले. "दो साल, मैडम! मैं नौ पन्ने जुलाहों पर लिखता रहा. इंटरव्यू में मुझसे पूछा, डॉक्टर साहब, एक पेपर दो साल से क्यों अटका है? मेरे पास जवाब नहीं था. मैंने सोचा, मुझमें ही खोट है." त्यांनी कागद टेबलावर आपटला. "आपको किसने कहा था मुझ पर दया करने को?"

शांतारामपंत पुढे सरकले, पण कुमुदताईंनी त्यांना हातानं थांबवलं. "किसी ने नहीं कहा था," त्या म्हणाल्या. "मुझे लगा था, आपको बुरा लगेगा."

कादियान खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. बायकोनं हलव्याच्या वाट्या उचलाव्यात की नाही म्हणून हात पुढे केला आणि मागे घेतला. मग ते परत आले, खुर्ची ओढून बसले आणि पहिलं पान पुन्हा वाचायला लागले. आता हळू, बोट ठेवून. "नहर वाले कुएँ," ते स्वतःशीच म्हणाले. "सही कह रहा है. तीनों नहर से लगे हैं." दुसऱ्या पानावर त्यांनी खिशातलं पेन काढून काहीतरी लिहिलं. तिसऱ्या पानाशी ते थांबले, आणि त्यांचा आवाज पार बदलला.

"मैडम, इस आदमी ने मेरा पेपर पढ़ा है."

"जी?"

"पूरा पढ़ा है. एक-एक कुआँ. दो साल से मैं समझ रहा था कि किसी ने पढ़ा ही नहीं. सब मीठा-मीठा लिख देते हैं, पढ़ता कोई नहीं. इसने पढ़ा है."

कुमुदताईंना रडू आलं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी रिपोर्टातला राग पाहिला, टोमणे पाहिले. पण ज्याला राग येतो त्यानं आधी बसून वाचलेलं असतं, ही साधी गोष्ट त्यांच्या कधी डोक्यात आली नव्हती. परक्या कुणीतरी तीन पानं भरून या माणसाकडे लक्ष दिलं होतं, आणि त्यातलं बरंचसं त्यांनी आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. "मुझे माफ़ कर दीजिए," त्या म्हणाल्या. कादियानांनी माफ केलं असं काही म्हटलं नाही. "मई में पानी लूँगा," एवढंच म्हणाले, आणि मग हलव्याची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

सोळा तारखेला कुमुदताई सबरवालसाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मीनाक्षीही होती. त्यांनी फाइल मांडली, सगळं सांगितलं, भोपाळच्या पोस्टकार्डापासून पानिपतपर्यंत. राजीनामा लिहूनच आणला होता, तोही ठेवला.

सबरवालसाहेबांनी उठून आधी दार लावलं. "कुमुदजी, ये आपने क्या किया?" ते कुजबुजले. "लोग कहेंगे, यहाँ रिपोर्ट टाइपिस्ट लिखती है!"

"ठीक ही कहेंगे," कुमुदताई म्हणाल्या.

साहेबांनी डोकं हातात धरलं. मीनाक्षी इतका वेळ फाइल उलटत होती. ती म्हणाली, "सर, हे जितके पेंडिंग आहेत, त्या सगळ्यांना असली रिपोर्ट पाठवावे लागतील. चिठ्ठी के साथ, की गलती हुई है." मग कुमुदताईंकडे वळली. "आणि काकू, तुम्ही जाऊ शकत नाही. बावीस जर्नल्सचे रिव्ह्यूअर फक्त तुमचा फोन उचलतात. मी केला की मीटिंगमध्ये असतात."

एकशे चौदा मूळ रिपोर्ट गेले. प्रत्येकासोबत कुमुदताईंच्या हातचं पत्र गेलं, खाली सही स्वतःची, शिक्का नाही. सतरा लेखकांनी संतापून लिहिलं, दोघांनी निबंध मागे घेतला, एकानं वकिलाची भाषा केली. सबरवालसाहेबांनी महिनाभर ब्लड प्रेशरच्या गोळ्या खाल्ल्या. उरलेल्यांनी मात्र दुरुस्त्या केल्या, आणि त्याही इतक्या झटपट की मीनाक्षीचा आपल्या आकड्यांवर विश्वास बसेना.

एप्रिलपासून रिपोर्ट कॉम्प्युटरवरून थेट जाऊ लागले. त्यासाठी परीक्षकांनी भरायचा फॉर्म कुमुदताईंनी बनवला. त्यात तीनच रकाने: काय चुकलं, कुठे चुकलं, आणि ते नीट कसं करायचं. लेखकाच्या अकलेबद्दल मत द्यायला जागाच ठेवली नाही. तरी जित्याची खोड. कुणी काही लागट लिहिलंच तर दुसऱ्या दिवशी प्रत वाचून कुमुदताई फोन लावत. लुधियानाच्या एका नामांकित प्रोफेसरांना त्या म्हणाल्या, "सर, 'नालायक' यह कौन-से खाने में आएगा? मेरे पास तो तीन ही हैं." पलीकडून खोकल्यासारखं हसू आलं. पुढचा रिपोर्ट त्यांनी फार चांगला लिहिला. दुसऱ्याच्या वाक्याला हात लावायचा नाही, हा नियम कुमुदताईंनी स्वतःच स्वतःला घालून घेतला आणि पाळलाही, हात शिवशिवले तरी. जिथे एका निबंधाला तीनशेवर दिवस लागत तिथे पावसाळ्यापर्यंत शंभरावर आलं. मीनाक्षीच्या नव्या खाकी कागदावर कुमुदताईंच्या नावाची चौकटच राहिली नाही. आठवडाभर त्यांना ते फार लागलं, मग इतके फोन करायचे असत की विसरून गेल्या.

सप्टेंबरात एका सकाळी पानिपतहून फोन आला. कादियानांनी मे महिन्यात पाणी घेतलं होतं, विणकरांची नऊ पानं कापली होती आणि जुलैत निबंध पुन्हा पाठवला होता, तो त्याच परीक्षकांकडे गेला होता. डिसेंबरात त्यांची मुलाखत पुन्हा होती, हे कुमुदताईंना ठाऊक होतं. त्यांनी रिसीव्हर घट्ट धरला.

"मैडम, रिपोर्ट आ गया. रात को आया. सुनिए." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. आकडे आता बोलतात. मे महिन्यातल्या नऊ विहिरींचा पुरावा पक्का आहे. तक्ता चारमध्ये एककं चुकली आहेत. तो करताना लेखक झोपला होता काय? ती सुधारून निबंध छापावा. असं काम या विषयात आपल्याकडे पूर्वी झालेलं नाही.

झोपला होता काय, हे ऐकून कुमुदताईंनी कपाळाला हात लावला. कोणत्या रकान्यात घातलं असेल हे त्या गृहस्थांनी? पण कादियानांना त्याचं काही नव्हतं. "टेबल चार में सच में ग़लती है," ते म्हणाले. "शाम तक ठीक कर दूँगा." मग त्यांनी हळूच विचारलं, "मैडम, एक बात पूछूँ? बुरा मत मानिएगा. आपने इसमें कुछ बदला तो नहीं?"

"नहीं," कुमुदताई म्हणाल्या. "मैंने तो देखा भी नहीं है. अभी आप ही से सुना."

पलीकडे कादियानांनी मोठा श्वास सोडलेला ऐकू आला.

"तो फिर यह जो लिखा है, कि ऐसा काम पहले नहीं हुआ," ते म्हणाले, "यह सच में उसी ने लिखा है."

"हाँ, डॉक्टर साहब. उसी ने लिखा है."

पलीकडून ते बायकोला हाका मारू लागले, फोन ठेवायचंही विसरून. कुमुदताई ते ऐकत बसल्या.